ईमेल पत्त्यावर क्लिक केलं की नको तोच प्रोग्राम उघडतो : बिघाड कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा : घरी विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. मेल जीमेलवर आहे आणि तो क्रोममध्ये उघडून वाचायची सवय आहे. पण वेबसाइटवरच्या एखाद्या ईमेल पत्त्यावर क्लिक केलं की आउटलुक उघडतं आणि खातं जोडा म्हणतं. फाइलवर राइट-क्लिक करून 'सेंड टू'मधून मेल करायला गेलं, तर 'या कामासाठी कुठलाही ईमेल प्रोग्राम जोडलेला नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. क्रोम डिफॉल्ट ब्राउझर करून झालं, आउटलुक काढून पुन्हा टाकून झालं, तरी काही फरक नाही. काय करावं?

आधी एक विनंती. आता आणखी काही काढू नका आणि नवीन काही टाकू नका. घरगुती संगणकांची कामं करताना मला हेच सारखं दिसतं : दुखणं साध्या सेटिंगचं असतं, पण तोवर माणसाने दोन-तीन प्रोग्राम उडवलेले असतात, एखादं 'रजिस्ट्री क्लीनर' चालवलेलं असतं, आणि मग मूळ बिघाड कुठला व नंतरचा कुठला हे वेगळं काढण्यातच संध्याकाळ जाते. तुमच्याकडे सध्या दोन बिघाड आहेत. ते एकमेकांशी संबंधित वाटतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

'डिफॉल्ट मेल' अशी एकच सेटिंग विंडोजमध्ये नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. नोंदी तीन असतात, तीन वेगळ्या जागी. पहिली ब्राउझरच्या आत : पानावरच्या ईमेल लिंकवर क्लिक झालं तर ती आपणच उघडायची की विंडोजकडे सोपवायची, हे ब्राउझर या नोंदीवरून ठरवतो. दुसरी विंडोजची : वर्डमधली, पीडीएफमधली किंवा ब्राउझरने सोपवलेली लिंक कुणाकडे जायची, ते इथे लिहिलेलं असतं. तिसरी सगळ्यात जुनी. एखादा प्रोग्राम 'ही फाइल जोडून नवा मेल उघड' असं सांगतो, तेव्हा ते कुणी ऐकायचं, याची ही नोंद. तिला मॅपी म्हणतात. तुमची पहिली तक्रार पहिल्या दोन नोंदींची आहे आणि दुसरी तक्रार फक्त तिसरीची.

कुठली नोंद बिघडली आहे हे अर्ध्या मिनिटात कळतं. कीबोर्डवर विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा. डावीकडे खाली छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत मेलटू (प्रत्येक ईमेल लिंकच्या सुरुवातीला असतो तो शब्द), म्हणजे एम-ए-आय-एल-टी-ओ, मग जागा न सोडता कोलनची दोन टिंबं, आणि त्याला लागून कुठलाही पत्ता लिहा. पत्त्यात ॲट-च्या पुढे एक्झाम्पल डॉट कॉम घाला. हे नाव १९९९ पासून फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे चुकून मेल गेलाच तरी कुणा भल्या माणसाला त्रास होत नाही. एंटर दाबा. जे उघडेल ते विंडोजच्या नोंदीत लिहिलेलं आहे. आता क्रोममध्ये एखाद्या वेबसाइटच्या संपर्क पानावर जाऊन तिथल्या पत्त्यावर क्लिक करा. दोन्ही वेळा एकच गोष्ट उघडली, तर ब्राउझर काही ठरवत नाही, सगळं विंडोजकडे ढकलतोय. दोन वेगळ्या गोष्टी उघडल्या, तर ब्राउझरची स्वतःची नोंद आहे आणि ती वेगळी आहे. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की दोन्हीकडे आउटलुकच उघडेल.

'क्रोम डिफॉल्ट करूनही फरक नाही' याचं कारण सरळ आहे. डिफॉल्ट ब्राउझरचं बटण दाबलं की वेबसाइटच्या लिंका आणि वेबपानांच्या फाइली क्रोमकडे जातात. ईमेलची लिंक हा वेगळा प्रकार आहे आणि ती जिथे होती तिथेच राहते. विंडोज ११ चे नवे संगणक आउटलुक बसवूनच येतात. आधीच्या संगणकांवर 'मेल' नावाचं साधं ॲप होतं. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला त्याचा पाठिंबा थांबवला आणि ते वापरणाऱ्यांना नव्या आउटलुककडे वळवलं. म्हणजे तुम्ही काही न निवडताही नोंद आउटलुकच्या नावावर असणं स्वाभाविक आहे. आउटलुक काढून परत टाकल्यावर ती पुन्हा त्याच्याच नावावर गेली असणार.

आता दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे : आधी ब्राउझर, मग विंडोज. उलट केलं तर मध्ये एक विचित्र अवस्था येते. विंडोज लिंक क्रोमकडे पाठवतं, क्रोमला तिचं काय करायचं हे ठाऊक नसतं आणि नुसता कोरा टॅब उघडतो. फायरफॉक्समध्ये तर याहून वाईट होऊ शकतं. लिंक फायरफॉक्सकडून विंडोजकडे आणि विंडोजकडून परत फायरफॉक्सकडे अशी फिरत राहते आणि एकामागून एक कोरे टॅब उघडत सुटतात. लोक घाबरून व्हायरस आला म्हणतात. व्हायरस नसतो, दोन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवत असतात.

क्रोममध्ये जीमेल उघडा आणि ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाकडे बघा. एकावर एक ठेवलेल्या दोन चौकटींसारखं, तिरप्या चौकोनांचं चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक केलं की जीमेलला सगळ्या ईमेल लिंका उघडू द्यायच्या का, असं क्रोम विचारतं. 'अलाउ' निवडा. ते चिन्ह दिसलंच नाही, तर बहुतेक पूर्वी कधीतरी याच प्रश्नाला 'नाही' म्हटलेलं असतं आणि क्रोमने ते लक्षात ठेवलेलं असतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'अ‍ॅडिशनल परमिशन्स' आणि शेवटी 'प्रोटोकॉल हँडलर्स' असं जा. वरचा पर्याय वेबसाइटना विचारायची परवानगी देणारा असला पाहिजे. खालच्या मनाई-यादीत जीमेलचं नाव असेल तर ते काढा आणि जीमेलचं पान रिफ्रेश करा. चिन्ह परत येतं. एजमध्येही अशीच व्यवस्था आहे. फायरफॉक्समध्ये हे काम सेटिंग्जच्या 'जनरल' भागात 'ॲप्लिकेशन्स' नावाच्या यादीत होतं. तिथे मेलटूच्या ओळीसमोर जीमेल निवडायचं.

एक बारकावा इथेच सांगतो, कारण पुढची तक्रार नेमकी हीच येते. एकाच क्रोममध्ये दोन जीमेल खाती उघडी असतील, तर लिंकवरून उघडलेला नवा मेल पहिल्यांदा साइन-इन केलेल्या खात्यातून जातो. नवरा-बायकोची, किंवा घरची आणि सोसायटीच्या कामाची अशी दोन खाती असलेल्या घरांत यामुळे भलत्याच पत्त्यावरून मेल गेलेले मी पाहिलेत. सगळ्या खात्यांतून साइन-आउट करा आणि जे मुख्य हवं त्यात आधी साइन-इन करा, दुसऱ्यात नंतर. माझं मत विचाराल तर दोन माणसांसाठी क्रोमच्या दोन स्वतंत्र प्रोफाइल कराव्यात. खाती एकमेकांत मिसळतच नाहीत.

आता विंडोज. सेटिंग्ज, 'ॲप्स', 'डिफॉल्ट ॲप्स'. सगळ्यात वर एक शोधाची चौकट असते, फाइलचा किंवा लिंकचा प्रकार लिहिण्यासाठी. तिच्यात मेलटू लिहा. सध्याच्या प्रोग्रामचं नाव खाली येईल. त्यावर क्लिक करून क्रोम निवडा. विंडोज १० मध्ये हेच 'डिफॉल्ट ॲप्स'च्या पानावर 'ईमेल'च्या खाली सापडतं. आता सुरुवातीची चाचणी पुन्हा करा. चौकटीत तीच ओळ लिहून एंटर दाबलं की क्रोममध्ये जीमेलची नव्या मेलची खिडकी उघडली पाहिजे आणि 'टू'च्या जागी तुम्ही लिहिलेला पत्ता आधीच भरलेला दिसला पाहिजे. पत्ता भरलेला नसेल, नुसतं जीमेल उघडलं असेल, तर ब्राउझरची पायरी नीट झालेली नाही. तिकडे परत जा.

ही सेटिंग प्रत्येक वापरकर्त्यापुरती असते. घरात मुलांसाठी वेगळं विंडोज खातं असेल, तर तिथे ती वेगळी करावी लागते.

सेटिंग केली आणि काही दिवसांनी परत बदलली, असंही अनेकांचं होतं. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ही नोंद कुलूपबंद केली आहे. तुम्ही केलेल्या निवडीसोबत एक तपासणी-संकेत साठवला जातो आणि दुसऱ्या प्रोग्रामने परस्पर नोंद बदलली तर तो संकेत जुळत नाही. मग विंडोज ती नोंद फेकून देतं आणि स्वतःची मूळ निवड परत आणतं. 'ॲप डिफॉल्ट वॉज रीसेट' असा संदेश कधी कोपऱ्यात दिसला असेल, तर त्याचा अर्थ हाच. म्हणून 'एका क्लिकमध्ये सगळं दुरुस्त' म्हणणारी क्लीनर सॉफ्टवेअर इथे उपयोगाची नाहीत, उलट हा त्रास तीच सुरू करतात. असं काही टाकलेलं असेल तर ते मात्र जरूर काढा. जुनं, म्हणजे ऑफिससोबत येणारं आउटलुक असेल तर त्याच्या 'फाइल', 'ऑप्शन्स', 'जनरल'मध्ये स्वतःला डिफॉल्ट करण्याची खूण असते, तीही काढा. आणि लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर तुम्ही केलेला बदल पुढच्या लॉग-इनला पुसला जाऊ शकतो, कारण ही निवड कंपनीच्या धोरणातून लादता येते. तिथे घरी डोकं आपटण्यात अर्थ नाही, कंपनीच्या आयटी विभागालाच सांगावं लागतं.

आता दुसरी तक्रार, 'सेंड टू'ची. इथे मला स्पष्ट सांगायला हवं की जीमेल ब्राउझरमध्ये वापरत असाल तर वरच्या कुठल्याही सेटिंगने हे चालू होणार नाही. लिंक म्हणजे मजकुराची एक ओळ. तिच्यात पत्ता, विषय, मजकूर बसतो, फाइल बसत नाही. 'सेंड टू' मात्र फाइलच पुढे करतं, आणि ती घ्यायला संगणकावर बसवलेला, मॅपी कळणारा प्रोग्राम लागतो. जीमेल ही वेबसाइट आहे, तिच्यापर्यंत ही हाक पोचतच नाही. तुम्हाला आलेल्या संदेशाचा अर्थ एवढाच की हाक ऐकणारं कुणी नोंदलेलं नाही. संदेशात 'डिफॉल्ट प्रोग्राम्स कंट्रोल पॅनेलमध्ये जोडणी करा' असा सल्लाही असतो. तो फार जुना आहे, तो वाचून लोक नसलेलं पान शोधत बसतात.

स्कॅनरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरचं 'स्कॅन टू ईमेल' बटण, किंवा वर्डमधून कागद थेट मेलला जोडणं, हेही बहुधा याच वाटेने जातं. याउलट टॅलीसारखी सॉफ्टवेअर मेल पाठवताना स्वतःच्या सेटिंगमध्ये भरलेला सर्व्हर वापरतात. टॅलीमधून बिल मेलने जात नसेल तर डिफॉल्ट मेल प्रोग्राम बदलून काहीच होणार नाही.

म्हणून आधी स्वतःला विचारा की 'सेंड टू' खरोखर लागतं का. महिन्यातून एखादी फाइल पाठवत असाल तर जीमेलचा नवा मेल उघडा आणि फाइल ओढून त्यात सोडा, विषय संपला. पण रोज कागद स्कॅन करून पाठवणारे लोक आहेत : सोसायटीचे सचिव, कर सल्लागार, घरून काम करणारे हिशेबनीस. त्यांनी खरा मेल प्रोग्राम बसवावा. मी थंडरबर्ड सुचवतो. फुकट आहे, २००४ पासून टिकून आहे आणि मॅपीचं काम नीट करतो. उतरवताना त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको.

थंडरबर्डमध्ये जीमेल जोडताना तो गूगलची स्वतःची लॉग-इन खिडकी उघडतो. पासवर्ड तिथेच टाकायचा. प्रोग्रामला थेट जीमेलचा पासवर्ड देण्याची जुनी पद्धत गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टने तेच १६ सप्टेंबर २०२४ ला केलं. 'पासवर्ड बरोबर आहे तरी चुकीचा म्हणतं' ही जुन्या प्रोग्रामांबद्दलची तक्रार बहुतेक वेळा यामुळेच असते. लॉग-इनची खिडकी उघडून कोरीच राहिली, तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद केलेल्या नाहीत ना ते बघा. जोडणी झाल्यावर सेटिंग्जच्या 'जनरल' भागात त्याला ईमेलसाठी डिफॉल्ट करा. या वेळी विंडोजची मेलटूची नोंदही थंडरबर्डकडे गेली आणि तुम्हाला लिंका जीमेलमध्येच हव्या असतील, तर 'डिफॉल्ट ॲप्स'मध्ये जाऊन फक्त ती परत क्रोमकडे द्या. तिसरी नोंद थंडरबर्डकडेच राहते. दोन्ही गोष्टी एकाच संगणकावर सुखाने नांदतात.

मग फाइलवर राइट-क्लिक, 'शो मोअर ऑप्शन्स', 'सेंड टू', 'मेल रिसिपियंट'. शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं तर पूर्ण यादी थेट उघडते. थंडरबर्डची नवी खिडकी फाइल जोडलेली अशी समोर आली पाहिजे. मोठ्या फाइलींबद्दल एक सांगतो : जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. वीस एमबीची फाइल अडकली तर सेटिंगला दोष देऊ नका.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक वेगळाच अनुभव येतो आणि त्याबद्दल फारसं कुठे सांगितलं जात नाही. काही वेबसाइटवर निवेदनाची किंवा तक्रारीची लिंक अशी असते की क्लिक केल्यावर विषय आणि मजकूर आधीच भरून येतो. मजकूर मराठी असेल तर कधी प्रश्नचिन्हं, कधी अगम्य अक्षरं दिसतात, कधी मजकूर मध्येच तुटतो. लिंकमध्ये देवनागरी अक्षरं जशीच्या तशी चालत नाहीत, ती संकेतांत लिहावी लागतात. नुसतं 'म' हे एक अक्षर तिथे टक्केचिन्हं धरून नऊ चिन्हांचं होतं. 'मी' लिहिलं तर अठरा, कारण वेलांटी वेगळी मोजली जाते. शंभर-दोनशे शब्दांच्या निवेदनाची लिंक त्यामुळे हजारो चिन्हांची होते आणि ती वाटेत कापली जाऊ शकते. तुटलेला मजकूर हा तुमच्या संगणकाचा दोष नाही. निवेदन पानावरून कॉपी करून चिकटवा. अक्षरंच बिघडत असतील आणि जुनं आउटलुक वापरत असाल, तर 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'इंटरनॅशनल ऑप्शन्स'खाली मेलटूसाठी यूटीएफ-८ चालू करण्याची खूण आहे. ती करा.

डिफॉल्ट प्रोग्राम आणि डिफॉल्ट खातं या दोन गोष्टींचीही गल्लत होते. प्रोग्राम बरोबर उघडतोय पण मेल चुकीच्या पत्त्यावरून जातोय, तर विंडोजच्या सेटिंगला हात लावू नका. त्या प्रोग्रामच्या खात्यांच्या यादीत हवं ते खातं निवडून 'सेट ॲज डिफॉल्ट' करा. जुन्या आउटलुकमध्येही हे आहे आणि थंडरबर्डमध्येही.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात : ही सेटिंग ॲपलच्या 'मेल' ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली, 'डिफॉल्ट ईमेल रीडर' नावाने आहे. दुसरा प्रोग्राम वापरायचा असला तरी ती बदलायला 'मेल'च उघडावं लागतं.

आता एक काळजीची गोष्ट. आउटलुकची ती खातं जोडायची खिडकी घालवण्यासाठी तुम्ही तिथे जीमेलचा पत्ता टाकून लॉग-इन केलं होतं का? बरेच जण करतात. नवं आउटलुक जीमेलसारखं बाहेरचं खातं जोडलं की त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ठेवतं. तसं ते आधी विचारतं, पण घाईत कुणी वाचत नाही. जाणीवपूर्वक वापरायचं असेल तर हरकत नाही. नको असेल तर आउटलुकमधून खातं काढाच, शिवाय गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर बाहेरच्या ॲप्सना दिलेल्या परवानग्यांची यादी असते, तिच्यातून मायक्रोसॉफ्टची जोडणीही काढा.

आणि कृपा करून 'आउटलुक कस्टमर केअर' असं शोधून सापडलेल्या नंबरवर फोन लावू नका. पलीकडचा माणूस दुरून संगणक ताब्यात घेणारं ॲप टाकायला सांगतो आणि मेलच्या सेटिंगपासून बँकेच्या खात्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागत नाही. असं झालंच असेल तर इंटरनेट लगेच बंद करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

वरचं सगळं करूनही विंडोजची निवड टिकत नसेल, तर एक शेवटची तपासणी उरते. सेटिंग्जमधून विंडोजचं एक नवं, स्थानिक खातं तयार करा, त्यात लॉग-इन करा आणि फक्त ब्राउझर व मेलटूच्या दोन पायऱ्या तिथे करा. तिथे निवड टिकली, तर विंडोज आणि क्रोम दोन्ही ठीक आहेत, तुमच्या जुन्या खात्याच्या नोंदी खराब झाल्या आहेत. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकायची गरज नसते, फाइली नव्या खात्यात हलवून तेच वापरायला घेणं पुरतं. तिथेही टिकली नाही, तर क्लीनर किंवा अँटिव्हायरसबरोबर आलेलं एखादं 'ट्यून-अप' अजून मागे चालू आहे का ते शोधा. काय सापडतं ते, आणि चाचणीच्या वेळी नेमकं काय उघडलं ते लिहून कळवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.